होम्स बोलत नव्हता तेव्हा

ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या चित्रपट महोत्सवात शेरलॉक होम्सचे तीन छोटे चित्रपट दाखवले गेले. एक १९२१ चा, एक १९२२ चा, एक १९२३ चा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहातून काढून, स्वच्छ करून, अलेक्झांड्रा पॅलेसच्या जुन्या नाट्यगृहात ते लावले. पडद्यासमोर वादक बसले होते, कारण तिन्ही चित्रपट मुके आहेत.

बातमी वाचली आणि मी अडखळलो. मुका होम्स? आमच्यापैकी अनेकांना हा माणूस भेटला तो भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून, आणि त्या पुस्तकांत तो सतत बोलतो. समोर आलेल्या पाहुण्याच्या बुटांवरचा चिखल पाहून तो कुठल्या गाडीने आला ते सांगतो. शेवटी खुर्चीत रेलून सगळा गुंता उलगडून दाखवतो. हे बोलणंच काढून घेतलं तर उरतं काय? आणि तरीही सिनेमा जेमतेम हातपाय हलवायला लागला तेव्हापासून लोक होम्सच्या गोष्टी चित्रित करत आले. हे त्यांनी कसं जमवलं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

लाडवांचा डबा

रहस्यकथा इतर गोष्टींहून वेगळी कशी, हे एका घरगुती उदाहरणाने कळेल.

आजीने सकाळी बेसनाचे लाडू वळले, डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. दुपारी उघडला तर चार कमी. आता ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. पहिली सरळ: नातू स्वयंपाकघरात डोकावला, आजीचा डोळा लागलाय हे पाहिलं, स्टूल ओढलं, चढला, खाल्ले, आणि शेवटी सापडला. दुसरी उलटी: आजी रिकामी जागा पाहते. स्टूल भिंतीपासून वीतभर पुढे आलंय. त्याच्यावर पावलाचा ठसा आहे, तो लहान आहे. बाहेर ओसरीवर नातू नेहमी सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसतो, आज मात्र तो बाही मुठीत धरून बसलाय. आजी म्हणते, "बाही दाखव."

रहस्यकथा ही दुसऱ्या तऱ्हेची. घटना घडून गेलेली असते आणि आपण शेवटाकडून सुरुवातीकडे चालत जातो. या उलट्या चालीत खरी गंमत आजीच्या डोक्यात घडते. तिने काय पाहिलं ते आपल्याला दिसतं, पण त्यावरून तिने काय ताडलं हे तिने सांगितल्याशिवाय कळत नाही. कागदावर लेखक ते सांगू शकतो. मुक्या पडद्यावर नातू स्टुलावर चढताना छान दिसेल, आजीचा तर्क कसा दिसणार? सुरुवातीच्या प्रत्येक होम्सपटाला हाच पेच सोडवायचा होता, आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी निघाली.

तीस सेकंदांचा पहिला होम्स

पहिलं उत्तर होतं, तर्क सोडूनच द्या. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन म्युटोस्कोप अँड बायोग्राफ या कंपनीने होम्सचं नाव असलेली सुमारे तीस सेकंदांची फिल्म काढली. कॅमेरा आर्थर मार्विनचा. ब्रॉडवे रस्त्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर कंपनीचा स्टुडिओ होता, कारण दिव्यांपेक्षा सूर्यप्रकाशावर भिस्त असे.

काळ्या कपड्यांतला चोर दिवाणखान्यात चांदीची भांडी पोत्यात भरतोय. घरगुती झग्यातला होम्स आत येतो आणि त्याच्या खांद्याला हात लावतो. चोर गायब. होम्स निवांत बसून चिरूट पेटवतो, चिरुटाचा स्फोट होतो आणि चोर पुन्हा समोर. होम्स झग्याच्या खिशातून पिस्तूल काढून झाडतो. चोर परत गायब. पोतं तरी हाती लागलं म्हणून होम्स ते घेऊन निघतो, तर तेही हातातून नाहीसं होऊन चोराच्या हातात, आणि चोर खिडकीतून पसार. संपलं. यात होम्सचा लेखक कोनान डॉयल याची एकही कथा नाही. फक्त नाव आहे, आणि ते नाव ऐकून लोक पैसे टाकतील हा भरवसा.

चोर गायब होतो कसा? कॅमेरा थांबवायचा, होम्सने जागचं हलायचं नाही, चोराने चौकटीबाहेर जायचं, कॅमेरा पुन्हा सुरू. चालवून पाहिलं की मधला थांबा दिसत नाही. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांत देव एकाएकी प्रकट होतात त्यामागेही हीच युक्ती.

ही फिल्म पडद्यासाठी नव्हतीच. म्युटोस्कोप म्हणजे एका माणसाने डोळा लावून पाहायचं यंत्र. शाळेत वहीच्या कोपऱ्यावर धावणारा माणूस काढून आपण पानं फडफडवायचो, तेच मोठ्या प्रमाणावर: शेकडो छायाचित्रांची कार्डं चाकावर बसवलेली, नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा. एका नाण्यात मावेल इतकीच गोष्ट, म्हणून तीस सेकंद.

ही चिमुकली फिल्म टिकली ती सरकारी दप्तरामुळे. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा चित्रपटाच्या मालकीहक्काची वेगळी तरतूद नव्हती, छायाचित्रांची होती. म्हणून कंपन्या अख्खी फिल्म छायाचित्राच्या कागदाच्या लांबलचक पट्टीवर छापून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. मूळ फिल्म नष्ट झाल्या, कागद राहिले. पुढे त्या कागदांचे पुन्हा फोटो काढून फिल्म तयार करण्यात आल्या, आणि १९६८ मध्ये त्या ढिगात हा होम्स सापडला. ती भूमिका करणाऱ्या नटाचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

रीळ म्हणजे किती वेळ?

इथे एक शब्द समजून घेऊ, पुढे तो लागणार आहे. रीळ म्हणजे फिल्म गुंडाळायची चकती, आणि त्या काळात चित्रपटाची लांबी मिनिटांत मोजत नसत, रिळांत मोजत. एका रिळात साधारण १००० फूट फिल्म. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं. म्हणजे रिळाला १६,००० चित्रं. सेकंदाला १६ या गतीने चालवली तर १००० सेकंद, पावणेसतरा मिनिटं.

एक रीळ म्हणजे एक घास. १९१० च्या आसपास थिएटरात गेलात की नाटुकलं, विनोद, बातम्या, निसर्गदृश्यं अशी मिसळ मिळे, आणि रहस्यपट त्यातला एक पदार्थ. हळूहळू दोन रिळांचे, अर्ध्या तासाच्या आतबाहेरचे चित्रपट रूढ झाले. होम्सच्या लघुकथेला हे माप अंगावर बेतल्यासारखं बसलं. एक गिऱ्हाईक, एक घर, एक गुपित, एक उलगडा.

मोठे चित्रपट का नाही केले, असं कुणी विचारेल. केले की, १९१४ पासून. पण डॉयलने स्वतः १८९१ साली स्ट्रँड मासिकात या कथा सुरू करताना एक हिशेब मांडला होता: नायक तोच, गोष्ट दर अंकाला पूर्ण. मधला एखादा अंक चुकला तरी वाचकाचं अडत नाही. आठवड्याला नवा खेळ लावणाऱ्या थिएटरवाल्यालाही नेमकं हेच हवं होतं.

लेखकाला विचारलं होतं का?

बऱ्याचदा नाही. १९०८ पासून डेन्मार्कच्या नॉर्डिस्क कंपनीने होम्सपटांची मालिकाच काढली. विगो लार्सन दिग्दर्शकही आणि होम्सही. पहिल्याच चित्रपटात होम्सच्या विरोधात रॅफल्स हा सभ्य दरोडेखोर उभा केला. रॅफल्स दुसऱ्याच लेखकाचा, ई. डब्ल्यू. हॉर्नंगचा, आणि हा हॉर्नंग डॉयलचा सख्खा मेहुणा, बहिणीचा नवरा. दोघांच्या मानसपुत्रांची झुंज कोपनहेगनमध्ये लागली आणि परवानगी दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

तेव्हा हे सर्रास चाले, कारण कायद्याची घडी बसायची होती. छापील पुस्तकाची चोरी म्हणजे ते पुन्हा छापणं, हे सगळ्यांना कळत होतं. पण एक शब्दही न छापता, नुसत्या हालचालींतून तीच गोष्ट दाखवली तर? १९०८ साली बर्लिनमध्ये लेखनहक्काच्या आंतरराष्ट्रीय करारात चित्रपटाचा उल्लेख आला, आणि १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका कादंबरीवरून काढलेल्या मूकपटाच्या खटल्यात ठरवलं की कथा पडद्यावर नेणं म्हणजे ती वापरणंच.

डॉयलने एका फ्रेंच कंपनीला हक्क विकले ते याच सुमारास. त्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहिलंय की तेव्हा ती छोटी रक्कम त्याला सापडलेल्या गुप्तधनासारखी वाटली, आणि नंतर तेच हक्क बरोबर दहापट पैसे मोजून परत घ्यावे लागले. नंतरचे चित्रपट पाहून आपले पैसे वसूल झाले, असंही त्याने लिहिलं. त्या चित्रपटांकडे येतोच.

पेच सोडवण्याचा दुसरा मार्ग: गोष्ट सरळ करा

त्या फ्रेंच कंपनीने, एक्लेअरने, १९१२ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल गावी आठ चित्रपट केले. होम्स झाला होता जॉर्ज त्रेविल हा फ्रेंच नट. मूकपटाचा हा एक फायदाच, उच्चारावरून कुणी ओळखणार नव्हतं.

यातला एक चित्रपट आज पाहायला मिळतो. मूळ कथेत व्हायोलेट हंटर नावाची शिक्षिका होम्सकडे येते. तिला एका घरी घसघशीत पगाराची नोकरी मिळाली आहे, पण अटी चमत्कारिक: केस कापायचे, ठराविक निळा पोशाख घालायचा, खिडकीकडे पाठ करून बसायचं. का? वाचताना आपण तिच्याइतकेच अंधारात असतो. चित्रपटाने मात्र लाडवांची गोष्ट सरळ केली. लोभी बाप, त्याची मुलगी, तिचा प्रियकर, तिला कोंडून ठेवणं, हे आधीच दाखवलं. मग ती शिक्षिका येते, आणि होम्स त्याहून उशिरा. काय घडलंय ते आपल्याला ठाऊक आहे, होम्सला नाही.

रहस्याचा असा बळी द्यावा का? मला वाटतं, यात थोडं मिळालं आणि फार गेलं. मिळाली ती काळजी. ती भोळी मुलगी खिडकीत बसली की आपण मनात म्हणतो, "अगं, वळून बघ!" पण होम्सचं कामच उरलं नाही. आपल्याला आधी कळलेलं तो मागाहून शोधतो, आणि मग तो हुशार वाटत नाही, नुसता वेळेवर पोचलेला भला माणूस वाटतो.

चष्मा आणि राख

पेच नीट हाताळला तो इंग्लंडच्या स्टोल कंपनीने. १९२१ ते १९२३ या तीन वर्षांत, दर वर्षी पंधरा याप्रमाणे ४५ छोटे चित्रपट आणि शिवाय दोन मोठे. डॉयलच्या तोवर छापून आलेल्या जवळजवळ सगळ्या कथा त्यात येतात. लंडनजवळ क्रिकलवूडला विमानाच्या जुन्या कारखान्यात त्यांचा स्टुडिओ होता, होम्स राहतो त्या बेकर स्ट्रीटचा देखावा तिथेच उभारलेला. लंडनला दाखवलेले ते तीन यांतलेच.

त्या तिघांमधला १९२२ चा चित्रपट सोनेरी चष्म्याच्या कथेवरचा आहे. मूळ कथा हातात घेऊन पाहा, म्हणजे मुका होम्स कुठे अडतो आणि कुठे धावतो ते लख्ख दिसतं. (कथा वाचली नसेल तर रहस्य इथे फुटणार आहे.)

एका वृद्ध प्राध्यापकाच्या लेखनिकाचा खून झालाय. मेलेल्याच्या मुठीत नाकावर चिमट्यासारखा बसणारा सोनेरी चष्मा. पोलीस अधिकारी तो होम्सकडे आणतो. होम्स तो स्वतःच्या नाकावर ठेवतो, काचांतून पाहतो, दिव्यापाशी नेतो आणि बाईचं वर्णनच सांगतो. चिमटा रुंद आहे, म्हणजे नाकाचं बूड जाड. काचा मधोमध आलेल्या, म्हणजे डोळे एकमेकांच्या जवळ. नंबर भलता मोठा, म्हणजे कपाळाला आठ्या, बारीक करून पाहायची सवय, खांदे पुढे झुकलेले. सोनं चांगलं, म्हणजे कपडेही नेटके असणार. चिमट्याच्या बुचांपैकी एक नवं, म्हणजे ती अलीकडे चष्मेवाल्याकडे गेली होती.

हे मुकेपणी कसं दाखवणार? चष्मा जवळून दाखवता येईल, पण "म्हणजे" कसं दाखवणार? प्रत्येक वाक्यातला तो "म्हणजे" हाच होम्स आहे. उपाय एकच, चित्र थांबवून मजकुराची पाटी दाखवणं. आणि गंमत पाहा, डॉयलच्या कथेतही होम्स हे वर्णन आधी तोंडाने सांगत नाही. तो टेबलाशी बसतो, कागदावर चार ओळी लिहितो आणि कागद अधिकाऱ्याकडे टाकतो. १९०४ साली छापलेल्या कथेत पाटी आयती तयार होती.

आता त्याच कथेचा दुसरा भाग. खुनी बाई चष्म्याविना आंधळीच. दोन बोळ, दोन्हींत काथ्याच्या सारख्याच चटया. पळताना ती चुकीच्या बोळात शिरते आणि प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन पोचते. पुस्तकांच्या कपाटामागे लपायची जागा आहे, अशी होम्सला शंका येते. तो प्राध्यापकाशी गप्पा मारत एकामागून एक सिगारेट ओढतो, येरझाऱ्या घालतो आणि राख त्या कपाटासमोरच्या जमिनीवर पाडत राहतो. काही वेळाने परत येतो, सिगारेटचा डबा मुद्दाम पाडतो, आणि गोळा करण्याच्या मिषाने गुडघ्यांवर बसून जमीन पाहतो. राख तुडवलेली आहे. कुणीतरी बाहेर येऊन गेलं.

इथे एका शब्दाचीही गरज नाही. सिगारेट, राख, डबा, जमीन, पाऊल. चष्म्याच्या प्रसंगात पुरावा होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतो. राखेच्या प्रसंगात होम्स पुरावा आपल्या डोळ्यांसमोर तयार करतो. म्हणून आपण त्याच्यासोबत विचार करायला लागतो: हा इतकी सिगारेट का ओढतोय? राख तिथेच का? मुका सिनेमा तर्क ऐकवू शकत नव्हता, पण प्रेक्षकाकडून तो करून घेऊ शकत होता. मूक होम्सपट पाहताना मी हीच जागा शोधतो, पाटी न लावता मला "म्हणजे" म्हणायला लावणारी.

आणि वेषांतर. पुस्तकात होम्स वेष बदलतो तेव्हा त्याचा मित्र वॉटसनने ओळखलं नाही एवढं लेखक सांगतो आणि आपण मान्य करतो. पडद्यावर चेहरा समोर असतो, तिथे फसवणं नटाच्या अंगावर. स्टोलचा होम्स आईल नॉरवूड तेव्हा साठीच्या घरात होता. रंगभूमीवर मुरलेला. कपाळ रुंद दिसावं म्हणून त्याने पुढचे केस काढले, व्हायोलिनवर बोटं खरी फिरावीत म्हणून ते शिकला. काहीच करत नसतानाही डोळे आपल्यावर खिळवून ठेवणारा नट, अशी डॉयलने त्याची तारीफ केली आहे. हा माणूस नुसता उभा राहूनही विचार करताना दिसतो, आणि मुक्या होम्सला याहून मोठी देणगी नसावी.

पण मोटारी आणि टेलिफोन कुठून आले?

डॉयलची या चित्रपटांबद्दल एकच तक्रार होती, आणि ती अनेक वाचकांचीही असेल. कथा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, घोडागाड्यांच्या. चित्रपटांत मात्र टेलिफोन, मोटारी, १९२० च्या दशकातलं लंडन.

तक्रार खरी आहे, पण मला ती जाचत नाही. दोन रिळांच्या, आठवड्याच्या गतीने निघणाऱ्या चित्रपटासाठी तीस वर्षांपूर्वीचा अख्खा रस्ता उभारणं परवडणारं नव्हतं. शिवाय कॅमेरा खऱ्या रस्त्यावर नेल्यामुळे आज आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचं लंडन फुकटात पाहायला मिळतं. मला जास्त खटकते ती जागा वेगळी. १९२३ च्या चित्रपटात होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू मोरियार्टी यांची अखेरची झटापट स्वित्झर्लंडच्या धबधब्याऐवजी इंग्लंडमधल्या चेडर घळीत होते. कडे उंच आहेत, भीतीही वाटते, पण त्या कथेत कोसळणाऱ्या पाण्याचं असणं हे तिसऱ्या पात्रासारखं आहे.

जुन्या चित्रपटांत माणसं पळत का सुटतात?

ती पळत नव्हती. मघाचा हिशेब आठवा: रिळात १६,००० चित्रं, सेकंदाला १६ ने पावणेसतरा मिनिटं. बोलपट आल्यावर गती सेकंदाला २४ ठरली. त्याच यंत्रावर जुनं रीळ लावलं की ते ११ मिनिटांत संपतं, आणि विचारमग्न होम्स बाहुलीसारखा टुणटुणतो. योग्य गतीने लावलं की सगळे जमिनीवर येतात.

स्कॅन केलं की झालं ना?

काय स्कॅन करायचं, हाच मोठा प्रश्न. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे भडकन पेटणाऱ्या आणि हळूहळू आपोआप कुजणाऱ्या पदार्थाची. हे दुःख आपल्याला परकं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि आपल्या मूकपटांच्या काळातलं बरंच काही त्यात गेलं.

स्टोलच्या मालिकेचं नशीब थोर, जवळजवळ सगळी लंडनच्या संग्रहात आहे. तरी रीळ काढलं आणि छापलं असं होत नाही. मूकपट बहुधा रंगवलेले असत: रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळसर. हे रंग छापील प्रतीचे तुकडे रंगाच्या पाण्यात बुडवून देत. त्यासाठी कित्येकदा मूळ निगेटिव्ह गोष्टीच्या क्रमाने जोडलेलीच नसे, रंगांच्या गटाने ठेवलेली असे. निळे प्रसंग एकीकडे, पिवळे दुसरीकडे. पाट्या वेगळ्या. शंभर वर्षांनी तो गठ्ठा उघडणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की कुठल्या तुकड्यानंतर कुठला.

आणि काही गठ्ठे अजून उघडायचे आहेत. विल्यम जिलेट या नटाचा १९१६ चा होम्सपट कायमचा गेला असं धरून चालले होते, तो २०१४ मध्ये पॅरिसच्या चित्रपट संग्रहात निघाला. १९१४ सालचा इंग्लंडमधला होम्सचा पहिला मोठा चित्रपट अजून बेपत्ता आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शोधयादीत त्याचं नाव आहे.